बोस्टनचा बर्फ आणि अर्धा गुण

सहावीच्या वर्गाला मी एकदा 'माझे बाबा' हा निबंध घातला होता. आमची शाळा चाकणच्या रस्त्याला, कारखान्यांच्या गराड्यात. मुलांचे वडील तीन पाळ्यांत वाटले गेलेले, त्यामुळे निबंधही एकाच साच्यातून निघावेत तसे निघाले. बाबा रात्रपाळीहून येतात, झोपतात, आम्हांला गलका करू देत नाहीत. त्या गठ्ठ्यात एक वही मात्र निराळी होती. त्या मुलाचे वडील लष्करात होते आणि त्या साली लडाखकडे कुठेशी फार उंचावर त्यांची नेमणूक झालेली होती. पोराने लिहिले होते की बाबांच्या तिथे जिकडेतिकडे बर्फ आहे. तो पांढरा दिसतो, पण बर्फाला रंग नसतो.

शेवटच्या शब्दांवर मी लाल शाईची रेघ ओढली, समासात 'बर्फ पांढरा असतो' असे ठसठशीत लिहिले आणि अर्धा गुण कापला.

मधल्या सुट्टीत तो वही घेऊन टेबलाशी आला. "बाई, फ्रीजमधला बर्फ कुठं पांढरा असतो?"

"तो फ्रीजमधला. मी खऱ्या बर्फाबद्दल बोलतेय. जा, डबा खा."

तो गेला. खरे सांगायचे तर खरा बर्फ म्हणून जो काही असतो, त्याची चिमूटही मी तोवर पाहिलेली नव्हती. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्राचा पेपर मी काठावर सोडवला, आणि पुढचे आयुष्य मराठी शिकवण्यात व कादंबऱ्या लिहिण्यात घालवले. माझ्या एका कादंबरीत नायिका काश्मीरला जाते आणि तिथे 'शुभ्र कापसासारखा' बर्फ पडतो. तो कापूस मी सिनेमातून आणला होता.

माझ्या एकटीचाच हा अपराध आहे असे नव्हे. हिमाशी आपले मराठी माणसांचे नातेच मोठे चमत्कारिक आहे. आपण थंडीच्या ऋतूला हिवाळा म्हणतो. हा शब्द 'हिमकाल' या शब्दावरून झिजत झिजत आलेला. अंगात हुडहुडी भरवणारा तो हिवताप, तेही हिमच. म्हणजे चार महिन्यांच्या एका ऋतूला आपण जे नाव दिले, ती वस्तू आपल्या अंगणात कधी पडलीच नाही. पुण्याचा पारा अगदी तळाला गेला तो १९३५ सालच्या जानेवारीत, १.७ अंशांवर, शून्याला तोही टेकला नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवतावर दव गोठते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, एवढीच काय ती आपली श्रीमंती. बाकी शब्द उरला, वस्तू उत्तरेत राहिली. आणि ज्याला रोज तोंडाने म्हणतो तो 'बर्फ' तर फारसीतून आलेला.

नाही म्हणायला वळवाच्या गारा होत्या. माझी आजी चाकणजवळच्या खेड्यातली. चैत्र-वैशाखात आभाळ काळवंडून गारा ताशा वाजवायला लागल्या की ती डोक्यावर परात धरून अंगणात जाई आणि पितळी तांब्यात गारा वेचून आणी. आम्ही त्या दाढेखाली फोडत असू. कांद्याचे वावर झोडपून निघाले म्हणून आजोबा ओट्यावर कपाळाला हात लावून बसलेले असत, आणि आम्ही मात्र तांब्याभोवती. गार फोडली की तिच्यात कांद्यासारखेच पापुद्रे दिसत, एक पांढुरका, एक काचेसारखा, पुन्हा एक पांढुरका. उत्तर तेव्हा माझ्या तळहातावर होते. पण तळहातावरचे बघायची सवय कोणाला असते!

पुढे आम्ही काही शिक्षिका पैसे साठवून मे महिन्यात मनालीला गेलो. रोहतांगच्या वाटेवर भाड्याने कोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळतात, ते चढवून आम्ही अस्वलांसारख्या तेरा हजार फुटांवर उतरलो. वळण संपले आणि समोर तो एकदम आलाच. कोणी बोलेना. आमच्यातल्या एक बाई तर निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी चटकन हातच जोडले. मी वाकून मूठभर उचलला. कापूस नव्हता, जाड दळलेल्या साखरेसारखा खरखरीत लागला. बोटांत कळ गेली म्हणून मूठ उघडली, तर शुभ्रपणा कडेकडेने विरत चाललेला. आधी राखाडी झाला, मग ओल्या काचेसारखा, आणि शेवटी तळहातावर नुसते पाणी उरले, हाताच्या रेषा स्वच्छ दिसाव्यात असे. पांढरे म्हणून जे काही मी उचलले होते, ते कुठे गेले? दुधाचे पाणी होत नाही, खडूचे होत नाही. मला ती वही आठवली आणि त्या थंडीत कानशिले तापली.

परत आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणली. शास्त्राची भीती होतीच, म्हणून इतिहासाच्या दाराने शिरले. आणि काय सांगू, इतिहासाने मला थेट मुंबईच्या गोदीत नेऊन उभे केले.

बर्फाची हौस या देशाला जुनीच. अकबराचा दरबार १५८६ साली लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून त्याच्यासाठी नावांनी आणि डाकेने बर्फ येत असे, हे ऐने-अकबरीत नमूद आहे. पण तो बादशहाचा बर्फ. दक्षिणेत, समुद्रकाठच्या मुंबईत तो कुठून येणार? तो आला जगाच्या दुसऱ्या टोकाहून.

अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक वेडा व्यापारी होता. घराजवळची तळी थंडीत गोठतात, तो बर्फ फुकट. आणि उष्ण देशांतली माणसे उकाड्याने हैराण आहेत. तेव्हा हा त्यांना विकावा, असे त्याच्या डोक्याने घेतले. १८०६ साली त्याने पहिले गलबत वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटाला धाडले. बोस्टनचे लोक हसले. माल वितळला, पैसे बुडाले, कर्जापायी गृहस्थ तुरुंगातही जाऊन आला. पण चिवट असा की हळूहळू त्याने साऱ्या खुब्या शोधल्या. गलबताच्या पोटात दुहेरी भिंती कशा घालाव्या, लाद्या एकमेकींना कशा बिलगून रचाव्या, मधल्या फटींत लाकडाचा भुसा कसा ठासावा. त्याचा सहकारी नॅथॅनियल वाएथ याने १८२५ च्या सुमाराला घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर केला. आपण भुई नांगरतो, ते तळे नांगरू लागले.

१२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचे गलबत १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी सप्टेंबरात ते हुगळीत शिरले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता! कंपनी सरकारने त्यावरची जकात माफ केली. पुढच्याच साली, १८३४ मध्ये, मुंबईला बर्फ उतरला. त्या दिवसांत जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले, यजमानासकट सगळ्यांना पडसे झाले, आणि परक्या सुखाचे हे फळ बरे मिळाले अशा अर्थाची कुजकट बातमी 'समाचारा'त आली, अशी हकीकत सांगतात. १८४३ च्या सुमाराला गोदीजवळ, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, मुंबईचे बर्फघर उभे राहिले. ते आता नाही. त्याच काळातले मद्रासचे बर्फघर मात्र अजून आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते आणि आता ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

गंमत अशी की बोस्टनजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी त्याच सुमारास थोरो नावाचा एक लेखक झोपडी बांधून राहिला होता. १८४६-४७ च्या थंडीत ट्यूडरची माणसे त्याच्या डोळ्यांदेखत ते तळे कापू लागली. थोरो तिथे बसून भगवद्गीता वाचणारा. त्याच्या मनात आले की आता मुंबई-मद्रासचे लोक माझ्या विहिरीचे पाणी पिणार. १८५४ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात हे आहे. गीता इकडून तिकडे गेली आणि तिकडून बर्फ आला, देवघेव काही वाईट नव्हती.

पण मी थांबले ती दुसऱ्याच एका बारीक गोष्टीपाशी. हा मुंबईला आलेला बर्फ पांढरा नव्हता. तळे वरून सावकाश गोठत जाते, पाण्यातली हवा खाली रेटली जाते आणि काचेसारखी लादी तयार होते. बोस्टनकडच्याच वेनहॅम तळ्याची एक लादी लंडनला एका दुकानाच्या खिडकीत रोज मांडलेली असे आणि तिच्यापलीकडे ठेवलेले वर्तमानपत्र रस्त्यावरचे लोक आरपार वाचत. तळ्यावर हिमवर्षावही होई, आणि तो या धंद्याचा शत्रू. गोधडी पांघरावी तसा तो लादीवर बसला की खालचे पाणी जाड गोठत नसे. म्हणून घोडे जुंपून आधी ते पांढरे हिम खरवडून काठाला लोटायचे, आणि मग खालची काच कापायची. पाणी एकच, थंडी एकच, तळे एकच. पांढरे होते ते काठावर फेकले. आरपार होते ते मुंबईला पाठवले. आमच्या खापरपणजोबांच्या वेळच्या ज्या कोणी मुंबईकराने तो बर्फ पाहिला असेल, त्याला 'याचा रंग कोणता?' असे विचारले असते, तर त्याने त्या पोरासारखेच उत्तर दिले असते. मी त्याचाही अर्धा गुण कापला असता.

काठावर फेकलेले ते पांढरे हिम पाहायला आपल्यातले कोणीतरी तिकडे जायला हवे होते. कितीतरी गेले असतील, पण माझे मन जाते ते आनंदीबाई जोशी यांच्याकडे. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेले त्यांचे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' बहुतेक घरांतून वाचली गेली आहेत, तेव्हा ती कथा मी पुन्हा सांगत नाही. मला दिसते ते एवढेच, की हिवाळा हा शब्द जन्मापासून तोंडात असलेली ही मुलगी एका सकाळी खिडकी उघडते आणि त्या शब्दाचा अर्थ सगळ्या रस्त्यावर पसरलेला असतो. आपला पोशाख आणि आपले अन्न तिने सोडले नाही. त्या थंडीने तिची प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने ती गेली, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. तिच्या अस्थी तिच्या कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावच्या दफनभूमीत तिच्या नावाची शिळा आहे. दर हिवाळ्यात त्या शिळेवर हिम पडते.

आनंदीबाई तिथे दुसरा हिवाळा काढत होत्या, नेमक्या त्याच हिवाळ्यात उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यात जेरिको या खेड्यात एक शेतकऱ्याचा पोर थंडीने काकडत छपरीत उभा होता. विल्सन बेंटली त्याचे नाव, वय एकोणीस. शाळा त्याला घरीच, आईकडून. आई पूर्वी शिक्षिका होती, तिने त्याला एक सूक्ष्मदर्शक दिलेला. (मास्तरणींच्या हातून सगळेच काही वाईट घडत नाही.) १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमाच्या एका कणाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे आयुष्यभर तो हेच करीत राहिला. पाच हजारांवर छायाचित्रे काढली, १९३१ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी हिमवादळातून चालत घरी आल्यावर न्यूमोनियाने तो वारला.

त्याची ती छायाचित्रे तुम्हीही पाहिली असतील. काळ्याभोर पाटीवर रांगोळी काढावी तशी षट्कोनी शुभ्र नक्षी. आता त्यातली मेख ऐका. भिंगाखाली तो कण शुभ्र नसतोच, काचेचा असतो. भोवतालच्या उजेडात तो उठून दिसेना, म्हणून बेंटली चाकूच्या टोकाने काचेच्या निगेटिव्हवरचा कणाभोवतालचा लेप तासन्‌तास खरवडी. छापताना तेवढी जागा काळी उमटे आणि कण पांढरा भासे. म्हणजे हिमाचा पांढरेपणा जगाला ज्याने दाखवला, त्याला तो एकेका कणात कधी सापडला नाही. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

मग पांढरे काय आहे? हे मला कोणा प्राध्यापकाने नव्हे, चिंचवडच्या गोळेवाल्याने दाखवले. पवनेच्या घाटाकडे, मोरया गोसावींच्या देवळाच्या रस्त्याला उन्हाळ्यात त्याची गाडी असते. पोत्याखालून त्याने बर्फाची लादी काढली. अंगाला लाकडाचा भुसा चिकटलेला. दोनशे वर्षे झाली, ट्यूडरच्या भुशाची जागा अजून कोणी घेतलेली नाही! लादी कडेने आरपार. मधोमध मात्र पांढुरकी शीर, कारण कारखान्यात ती बाहेरून घाईने गोठते आणि हवा मधे कोंडली जाते. त्याने आरपार भागाचा तुकडा घेतला, यंत्रात धरला आणि मूठ फिरवली. खाली पडला तो पांढराशुभ्र कीस. काही मिसळले नाही, काही रंगवले नाही. काच वरून घातली आणि हिम खाली आले.

घडते ते असे. उजेडाचा किरण हवेतून बर्फात शिरताना, किंवा बर्फातून हवेत निघताना, उंबऱ्यावर त्याचा थोडा भाग मागे फिरतो. सरळ पडला तर शंभरातले जेमतेम दोन भाग. बाकीचा किंचित वाकून पुढे जातो. अखंड लादीला उंबरे दोनच, म्हणून उजेड निघून जातो आणि आपल्याला पलीकडचे दिसते. पण तीच लादी किसली की लाख कण, आणि कणाकणामध्ये हवा. प्रत्येक कणाच्या उंबऱ्यावर किरण थोडा फिरतो, थोडा वाकतो, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा या कणातून त्या कणात भटकतो आणि बहुतेक सारा शेवटी आल्या दाराने बाहेर पडतो. ताजे हिम असे शंभरातले ऐंशी-नव्वद भाग उजेड परत करते. सूर्याच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारे रंग एकत्र नांदतात. बर्फ त्यांतला कोणताच विशेषसा ठेवून घेत नाही, सगळे सारखेच परतवतो. आणि सगळे रंग एकत्र डोळ्यांत आले की त्यालाच आपण पांढरे म्हणतो. लडाखात जवानांना काळे चष्मे घालावे लागतात ते यामुळेच. तिथला बर्फ सूर्य जवळजवळ आहे तसा डोळ्यांत फेकतो.

अगदीच काही ठेवत नाही असे मात्र नाही. फार खोलवर, कितीतरी हात जाडीतून किरण गेला, तर तांबडा थोडाथोडा गिळला जातो आणि निळसर उरतो. जुन्या हिमनद्यांत वरच्या ओझ्याने हवेचे बुडबुडे चिरडून गेलेले असतात. तिथे बर्फाच्या भेगा निळ्या दिसतात त्या म्हणूनच. रोहतांगला बर्फाच्या भिंतीत कोणीतरी काठीने भोक पाडले होते. आत निळसर छटा होती. आम्ही तेव्हा 'आभाळाचे प्रतिबिंब' म्हणून मोकळ्या झालो.

एकदा हे समजले की ते जिकडेतिकडे दिसू लागते. खडीसाखर आरपार, तीच कुटली की पांढरी. आमच्या रस्त्यावर अपघात झाला की मोटारीच्या काचेचा चुरा पडतो, तोही लांबून मिठासारखा. पिंपरीच्या जुन्या माणसांना पेनिसिलीनचा कारखाना आठवेल, १९५४ साली स्थापन झालेला सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. लहानपणी दवाखान्यात कंपाउंडर पांढऱ्या पुडीच्या छोट्या बाटलीत सुईने पाणी सोडी आणि बाटली हलवी. पांढरे नाहीसे होऊन नितळ पाणी उरे. मला ती जादू वाटे. त्याच कारखान्यात पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले, क्षयावरचे. आनंदीबाईंना ते साठ-सत्तर वर्षे उशिराचे.

गोळेवाल्याने कीस दाबून काडीवर बसवला आणि वर काला खट्टा ओतला. कणांमधली हवा गेली, तिथे रस बसला. उंबरेच पुसट झाले; किरण वळायचे बंद झाले आणि शुभ्र गोळा जांभळा-काळा होऊन आरपार दिसू लागला. रस चोखून घेतला की पुन्हा पांढरा. मी तीनदा करून पाहिले. शेवटी गोळेवाला म्हणाला, "ताई, खायचाय की परीक्षा घ्यायचीय?"

तो मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला होता. वडिलांची बदली झाली तसे सगळे कुटुंब गेले. वही तर त्याला परतच दिली होती; ती लाल रेघ माझ्या हातून आता पुसली जाणे नव्हते. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्याची मावशी भेटली, तिच्याकडून पत्ता घेतला आणि एक पोस्टकार्ड टाकले. बर्फाला रंग नसतो हे तुझे वाक्य बरोबर होते, बाईंचे चुकले, अर्धा गुण वाढवला आहे, असे लिहिले. खाली सही करताना हातात लाल पेन आहे हे लक्षात आले, तेव्हा ते बदलून निळे घेतले.

उत्तर अजून आलेले नाही.